दोन तोंडांचं पुस्तक

लिंडालबाईंच्या टेबलाला तीन खण होते. वरच्यात हजेरीपट आणि खडू, मधल्यात लाल पेन्सिली, आणि तिसरा जप्तीचा. एल्म फोर्क गावात ज्यांनी म्हणून सहावी केली होती, त्या सगळ्यांना तो तिसरा खण ठाऊक होता. आता तर ज्यांच्या गलोली एके काळी त्यात पडून होत्या, त्यांच्याच मुलांच्या गलोली तिथं जात होत्या.

खणाचा नियम साधा होता. वस्तू वर्गात सापडली की जप्त. तिला सुतळीनं एक चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर नाव आणि तारीख. शाळेच्या शेवटच्या दिवशी ती ज्याची त्याला जशीच्या तशी परत. शिट्ट्या, भोवरे, एकदा तर काडेपेटीत ठेवलेला एका मुलाचा दुधाचा दात. सव्वीस वर्षांत एकही वस्तू हरवली नव्हती की बाईंनी वापरली नव्हती. मुलांच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा बाईंचा अभिमान होता. त्यांना अभिमानाच्या गोष्टी फार नव्हत्या, म्हणून ही एक त्या जपत.

एकोणसाठ सालच्या एप्रिलात, अपूर्णांकांच्या तासाला, मार्लिस व्होबोरिल मांडीवर पुस्तक ठेवून वाचताना सापडली.

मार्लिस अकरा वर्षांची. बाप धान्याच्या कोठारावर कामाला, थोरला भाऊ नौदलात. वर्गात सगळ्यांत जास्त वाचणारी मुलगी हीच. बाई बाकांच्या रांगेतून चालत आल्या तशी तिनं घाईघाईनं पुस्तक बाकावर पालथं घातलं. मुलं असंच करतात. मागची बाजू वर आली की पुस्तक कुठलं ते कळत नाही, एवढाच त्यांचा हिशेब.

पण या पुस्तकाला मागची बाजूच नव्हती. पस्तीस सेंटला दोन कादंबऱ्या, एकमेकींना पाठीला पाठ लावून उलट्या शिवलेल्या. एक वाचून झाली की पुस्तक फिरवून खालचं वर करायचं, की दुसरी सुरू. दोन्हीकडं मुखपृष्ठच. एका बाजूला हिरव्या कातडीचा चारहाती राजा आरोळी ठोकत होता. ते पालथं घातल्यावर दुसऱ्या बाजूला पितळी चोळी घातलेली एक राणी, पंखांच्या पालीवर बसून, दोन चंद्रांखालून चालली होती.

"मार्लिस, तुझी मावशी का गं ती?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "पालीवर बसून बाजाराला निघाली वाटतं."

वर्ग खदखदून हसला. बाईंनी पुस्तक उचललं, दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर उचलावा तसं.

"एवढी हुशार मुलगी तू," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आणि डोक्यात हा कचरा भरतेस?"

मार्लिसचे कान लाल झाले. बाई टेबलाकडं वळल्यावर ती एवढंच म्हणाली, "भावानं पाठवलंय, बाई. तेवढं फाटू देऊ नका."

बाईंनी चिठ्ठी लिहिली, सुतळी बांधली आणि खण लावून घेतला. मग फळ्याकडं वळून त्यांनी तीन अष्टमांशात एक चतुर्थांश मिळवायला घेतला. बेरीज दोनदा चुकली. त्याचं कारण वर्गात कुणाला कळण्यासारखं नव्हतं.

ते कारण असं. दर जुलैत लिंडालबाई आपल्या बहिणीकडं ओमाहाला जात. परत येताना तिथल्या बसस्थानकावर, जिथं त्यांना कुत्रंही ओळखत नव्हतं, त्या तीन पुस्तकं घेत. अशीच. हिरवे राजे, पितळी राण्या, तांबड्या वाळूतली बुडालेली शहरं. विकणाऱ्याला सांगून ती तपकिरी कागदात बांधून घेत, आणि बसमध्ये मागच्या बाकावर बसून साडेपाच तास वाचत. डोळ्यांना पाणी येईपर्यंत वाचत. मग लांबून एल्म फोर्कची पाण्याची टाकी दिसली, की तिन्ही पुस्तकं बाकावर सोडून, झगा झटकून खाली उतरत. गावाच्या हद्दीत असलं एक पानही त्यांनी कधी आणलं नव्हतं. दारूड्यानं घरात बाटली न ठेवण्याची शपथ पाळावी, तशी त्यांनी ही पाळली होती.

आणि आता बाटली त्यांच्याच खणात होती.

दोन दिवस त्यांनी खण उघडला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की आपण सद्वाचन समितीच्या चिटणीस आहोत. ही समिती गावातल्या आयांनी चार वर्षांपूर्वी काढली होती. ऑर्विलच्या औषधांच्या दुकानात दाराशी स्वस्त पुस्तकांचा एक फिरता रॅक होता, त्यात काय काय विकायला येतं यावर ती नजर ठेवी. वाईट पुस्तकाबद्दल चिटणिसानं अहवाल लिहायचा, कुठल्या पानावर काय आक्षेपार्ह आहे ते टिपायचं. न वाचता अहवाल कसा लिहिणार? बाईंनी स्वतःला हा प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याआधीच पुस्तक पिशवीत टाकलं.

शनिवारी दुपारी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, लख्ख उजेडात त्या बसल्या. खिडकीचा पडदा मात्र ओढून घेतला. हातात लाल पेन्सिल.

गोष्ट एका तारखात्याच्या माणसाची होती. नेब्रास्कात वादळात तारेच्या खांबावर चढतो, वीज पडते, आणि डोळे उघडतो तो शुक्रावर, तांब्याच्या रंगाच्या समुद्राकाठी. पहिल्या दहा पानांत बाईंनी तीन आक्षेपार्ह जागा अहवालाच्या कागदावर टिपल्या. पंधराव्या पानावर राणी ओश्वेनला साखळदंड घालून आणलं. त्यानंतर आक्षेप टिपायचं बाई विसरल्या. चुलीवरचे बटाटे करपले तेव्हा त्या बासष्टाव्या पानावर होत्या. उठून त्यांनी चूल बंद केली आणि करपलेल्या वासातच पुढं वाचलं. दरीवरचा तारांचा पूल तुटतो, तारवाला एका हातानं ओश्वेनला आणि दुसऱ्या हातानं तार धरून लोंबकळतो, आणि वर हिरवा राजा एकेक तार तोडत जातो. बाईंनी श्वास रोखून धरला होता. थोरा लिंडाल, बावन्न वर्षांची, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसणारी बाई!

संध्याकाळी त्यांनी अहवाल लिहिला. 'कथा अशक्य, भाषा भडक, मनावर परिणाम अनिष्ट.' अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

तिथं थांबल्या असत्या तरी निभावलं असतं. पण पुस्तकाला दुसरं तोंड होतं, आणि तिथं ओश्वेनची गोष्ट पुढं चालू होती. अहवालाला एक बाजू पुरेशी होती. दुसरीसाठी काही सबब उरली नव्हती. ती त्यांनी बिनसबबीची वाचली, रविवारी चर्चहून आल्यावर, टोपीही न काढता, पेन्सिल सवयीनं बोटांत.

तेवढ्यात दार वाजलं. समितीच्या अध्यक्ष मिसेस डेनिंग दारात होत्या. त्यांच्या नवऱ्याची लाकडाची वखार, आणि गावात मिसेस डेनिंगना न विचारता कुणी पडदेही बदलत नसे. त्या रिकामी बशी परत करायला आल्या होत्या. बाईंनी घाईघाईनं पुस्तक टेबलावर पालथं घातलं.

आणि मग त्यांना कळलं आपण काय केलं ते. वर दोन चंद्रांखाली पितळी चोळीतली राणी पसरली होती.

"अगंबाई," मिसेस डेनिंग म्हणाल्या.

"समितीचं आहे," बाई म्हणाल्या. "अहवालासाठी."

मिसेस डेनिंगनी त्या चित्राकडं पाहिलं, मग बाईंच्या टोपीकडं, आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "थोरा, रविवारीसुद्धा? आमच्या मुलांसाठी काय काय सोसतेस गं तू! मला तर हात लावायलाही किळस येईल." त्यांनी बाईंचा हात दाबला. रुबार्बच्या आंबटगोड केकचा तुकडा खाल्ला, कॉफी घेतली आणि गेल्या. बाईंनी बशी जागेवर ठेवली, टोपी काढली. मिसेस डेनिंगनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवारी पुस्तक खणात परत गेलं. चिठ्ठी तीच, सुतळी तीच, गाठसुद्धा तशीच.

पण हे एवढ्यावर मिटणार नव्हतं, कारण मध्ये निळी फीत होती. जिल्ह्याच्या वाचनालयातर्फे दर वर्षी वर्षभरात पंचवीस चांगली पुस्तकं वाचणाऱ्या मुलांना निळी फीत मिळे. या वर्षी फितीबरोबर एक सहलही होती. जूनच्या मध्यावर फीतवाल्या मुलांना बसनं नव्वद मैलांवरच्या कॉलेजात नेणार होते, तिथली मोठी दुर्बीण दाखवायला. मार्लिसची एकतीस पुस्तकं झाली होती. त्यातली अकरा ग्रहताऱ्यांवरची होती. तिनं दुर्बिणीचं चित्र वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलं होतं. बाईंनी ते पाहिलं होतं.

फितीचा अर्ज सद्वाचन समितीमार्फत जाई, त्यावर शिक्षिकेची सही लागे, आणि सहीच्या वर एक ओळ छापलेली असे: 'या मुलाची वाचनाची रुची निर्मळ आहे.'

मेच्या सुरुवातीला समितीची बैठक भरली. बाईंनी अहवाल वाचून दाखवला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विलनं रॅक काढून टाकावा असं ठरलं. मग मिसेस डेनिंग म्हणाल्या की हे पुस्तक ज्या मुलीजवळ सापडलं तिला निर्मळ रुचीची फीत देणं म्हणजे समितीची थट्टा होईल, नाही का? सगळ्यांनी बाईंकडं पाहिलं. बाई म्हणू शकल्या असत्या की एकतीसातलं हे एक. त्या काहीही म्हणू शकल्या असत्या. पण तोंड उघडलं तर त्यातून दुसरंच काही बाहेर पडेल अशी भीती त्यांना वाटली. मतदान झालं. हात वर झाले, त्यांत बाईंचाही होता.

त्याच आठवड्यात वर्गात ग्रहांचा धडा आला. बाई हा धडा सुंदर शिकवत. टेबलावर दिवा ठेवायचा, तो सूर्य. मुलांच्या हातांत फळं द्यायची आणि त्यांना दिव्याभोवती फिरवायचं. शुक्राचं संत्रं मार्लिसच्या हाती आलं. बाईंनी सांगितलं की शुक्रावर ढगांचं जाड पांघरूण आहे, आणि त्याखाली काय आहे हे अजून कुणालाच ठाऊक नाही.

मार्लिसनं हात वर केला. फितीची बातमी तिला कळली होती, त्यामुळं हल्ली तिचा हात क्वचितच वर होई. "म्हणजे बाई, खाली समुद्रही असू शकेल?"

बाईंच्या डोळ्यांसमोर तांब्याच्या रंगाच्या लाटा आल्या. शुक्रावर समुद्र असेल का, हा काय वाईट प्रश्न आहे? याहून चांगला प्रश्न सव्वीस वर्षांत त्या धड्यावर कुणी विचारला नव्हता. एरवी त्यांनी अशा प्रश्नासाठी अख्खा तास खर्च केला असता. पण त्या म्हणाल्या, "पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्लिस."

मार्लिसनं तेवढंच लिहिलं. नंतर कधी विचारलं नाही.

मेच्या शेवटच्या शुक्रवारी शाळा सुटली. नेहमीप्रमाणं दुपारी तिसरा खण उघडला. बाई एकेक नाव पुकारत, मुलं एकेक येऊन वस्तू घेत आणि दाराबाहेर पळत. गलोल गेली, भोवरा गेला, शिट्टी वर्गाबाहेर पोचायच्या आत वाजली. सगळ्यांत शेवटी मार्लिस आली. पुस्तक घेतलं, "थँक यू, बाई" म्हणाली आणि गेली. बाईंनी रिकाम्या खणाकडं पाहिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. त्या फळा पुसायला उठल्या.

दोन मिनिटांनी दारात पावलं वाजली. मार्लिस परत आली होती. पुस्तक तिच्या हातात उघडं होतं.

"बाई," ती म्हणाली, "हे तुमचं अक्षर आहे."

बाईंना आधी कळलंच नाही. मग तिनं पान पुढं धरलं.

पान लाल होतं. सगळीच पानं लाल होती. सव्वीस वर्षं ज्या हाताखालून गेलेला एकही कागद कोरा सुटला नव्हता, त्या हातानं आपलं काम केलं होतं, आणि हाताच्या मालकिणीला त्याचा पत्ताही नव्हता. अहवालाच्या कागदावरची ती तीन टिपणं तेवढी त्यांना आठवत होती. पुढचं काहीच नाही. चोविसाव्या पानावर समासात होतं, 'पान ९ वर चंद्र नाही म्हटलं आहे. मग हे दोन कुठून आले?' एकेचाळिसाव्यावर, 'इतक्या उंचीवरून पडून पाय मोडला असता.' पुढं पुढं चुका कमी होत गेल्या होत्या आणि दुसरंच काही सुरू झालं होतं. एकाहत्तराव्या पानावर, पुलाच्या बाजूला, वहीत उत्तम निबंधाला देतात तसं अधोरेखित 'छान!' होतं. पुस्तक उलटं केलं, तर दुसऱ्या कादंबरीतही तेच. आणि तिच्या शेवटच्या पानावर, छापील मजकूर संपला त्याच्याखाली, मोठ्या अक्षरात: 'पण मग ओश्वेनचं काय झालं??'

त्याला दोन प्रश्नचिन्हं होती. मुलांनी दोन दिली तर बाई एक खोडत.

बाई खुर्चीवर बसल्या. मुलगी आता काय म्हणेल याची त्या वाट पाहू लागल्या. मला कचरा म्हणालात, म्हणेल. माझी फीत काढलीत, म्हणेल. म्हणावं तिनं, ते घेणं भागच होतं.

पण मार्लिसचा चेहरा उजळला होता. "तुम्हालाही पुलाचा भाग आवडला?" ती जवळजवळ कुजबुजली. "मी तो चार वेळा वाचला. आणि चंद्रांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या कसं आलं?"

बाई पानावरच्या त्या 'छान!'कडं बघत होत्या.

"गावात हे वाचणारं दुसरं कुणीच नाही," मार्लिस म्हणाली. "भाऊ आहे, पण तो जहाजावर."

मग तिनं बाईंच्या तोंडाकडं नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. मोठ्या माणसाचा झाला. तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं, पुस्तक मिटलं आणि सदऱ्याखाली सरकवलं.

"मी नाही कुणाला सांगणार, बाई," ती म्हणाली. "मला आता युक्ती कळलीय. भूगोलाचं पुस्तक मोठं असतं, त्याच्या आत हे बसतं. कुणाला दिसत नाही. तुम्हीही तसंच करा."

हे ती अगदी प्रेमानं म्हणाली. एका चोरानं दुसऱ्याला सांगावं तसं.

लिंडालबाईंनी आयुष्यात पुष्कळ मुलांना पुष्कळ गोष्टी शिकवल्या होत्या. अपूर्णांक, नद्या, राज्यांच्या राजधान्या. त्यातलं निम्मं मुलं विसरून जात, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. पण ही मुलगी या वर्षी जे शिकली होती ते विसरणार नव्हती. आवडतं ते सदऱ्याखाली घालायचं, आणि आधी दाराकडं बघायचं. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. हे बाईंनी स्वतः शिकवलं होतं, वर्गासमोर उभं राहून, दोन बोटांत पुस्तक धरून. आणि तिनं ते एका दमात, पूर्ण मार्कांनी शिकून घेतलं होतं.

"ते बाहेर काढ," बाई म्हणाल्या. "मला दे एक तास. परत आणून देते, तुझ्या घरी."

मार्लिस घाबरली. "पुन्हा जप्त?"

"नाही. उसनं मागतेय. नाही म्हणालीस तरी चालेल."

मार्लिसनं थोडा विचार केला. मग पुस्तक दिलं. "फाटू देऊ नका," ती म्हणाली.

मिसेस डेनिंग व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. बाई शाळेपासून तिथवर चार गल्ल्या चालत गेल्या होत्या, पुस्तक हातात, उघड्यावर. तशी वाटेत भेटली फक्त दोन माणसं, पण दोघांनी टोपीला हात लावताना त्या राणीकडं पाहिलंच होतं. बाईंच्या मानेपर्यंत घाम आला होता.

त्यांनी काही न बोलता पुस्तक मटारांच्या टोपलीवर उघडून ठेवलं. मिसेस डेनिंगनी चष्मा लावला. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. 'छान!'वर त्यांचं बोट थांबलं. त्यांच्या दोन्ही मुली लिंडालबाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. ते अक्षर कुणाचं हे त्यांना सांगायला नको होतं.

"हे तू समितीसाठीच केलंस," त्या शेवटी म्हणाल्या. "असं मी समजते, थोरा. कुणी विचारलं तर असंच सांगेन."

सुटकेचं दार उघडं होतं. बाईंनी एक पाऊल आत टाकलं की झालं असतं. अर्जाचं नंतर काहीतरी निमित्त काढून, हळूच, जमवता आलं असतं. मन त्यांचं अजूनही तिकडंच ओढत होतं, हे त्यांना कळत होतं आणि त्याचीही लाज वाटत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "समितीसाठी पहिली दहा पानं. बाकीचं मी वाचलं कारण मला आवडतं. दर वर्षी वाचते मी अशी. ओमाहाहून आणते आणि बसमध्ये टाकून देते."

मिसेस डेनिंग मटाराची एकच शेंग हातात धरून बसल्या. मग त्या बोलल्या, आणि रागानं नाही, दुखावल्यासारख्या बोलल्या. "आपण ऑर्विलचा रॅक काढायला लावला. तू अहवाल वाचलास म्हणून लावला. मी तुझा हात धरून रडले, थोरा. तुझ्या स्वयंपाकघरात."

"हो."

"आणि त्या मुलीसाठी तू हात वर केलास."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून आले."

त्यांनी पिशवीतून मार्लिसचा अर्ज काढला. महिनाभर तो तिथं घडी घालून पडला होता. व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवून त्यांनी त्यावर सही केली. लाल पेन्सिलच हाताशी होती, तिनंच केली. मिसेस डेनिंगनी अर्ज घेतला. नियमाप्रमाणं शिक्षिकेची सही असली की नाव यादीत जातं, ते जाईल, एवढं त्या म्हणाल्या. समितीला दुसरी चिटणीस शोधावी लागेल, असंही म्हणाल्या. कॉफी विचारली नाही.

पुस्तक तासाच्या आत मार्लिसला परत मिळालं. त्या रविवारी चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बाईंच्या शेजारची जागा रिकामी राहिली. औषधांच्या दुकानात त्या ऑर्विलची क्षमा मागायला गेल्या. तो भला माणूस होता, हसला. रॅक तिथंच दाराशी होता, पण आता त्यात फुलांच्या बियांची पाकिटं होती. बियाणं विकणाऱ्या कंपनीनं जागा घेतली होती, वर्षाच्या करारानं. "आता झेंडू वाचा, बाई," ऑर्विल म्हणाला. दुकानातले दोघंतिघं हसले. बाईंनी झेंडूचं पाकीट घेतलं.

मार्लिसनं दुर्बीण पाहिली. परत आल्यावर ती बाईंच्या दारात उभी राहून श्वास न घेता सांगत होती. दिवस मावळायच्या आत त्यांना शुक्र दाखवला, आणि तो गोल नव्हताच, अर्धा होता, कापलेल्या संत्र्यासारखा अर्धा! आणि समुद्र? समुद्र दिसला नाही. नुसतं पांढरं. मग तिनं तिथल्या प्राध्यापकांना विचारलं, खाली समुद्र असू शकेल का म्हणून. बाईंनी विचारलं, ते काय म्हणाले? "ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे," मार्लिस म्हणाली. तिनं ते सहज सांगितलं. बाईंनी मान खाली घालून झेंडूच्या वाफ्याला पाणी घातलं.

जुलैत बाई ओमाहाला गेल्या. येताना नेहमीच्या ठिकाणी तीन पुस्तकं घेतली. कागदात बांधू का, असं विकणाऱ्यानं विचारलं, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं हो निघून गेलं. साडेपाच तास त्यांनी वाचलं. लांबून पाण्याची टाकी दिसली तेव्हा त्यांनी झगा झटकला, दोन पुस्तकं पिशवीत घातली आणि तिसरं हातात घेतलं. त्यातच ओश्वेनची पुढची गोष्ट होती, ती मार्लिसला द्यायची होती.

बस थांबली. थांब्यावर बाकावर मिसेस डेनिंगची धाकटी मुलगी आणि आणखी दोघी बसल्या होत्या. बाईंचा हात आपसूक वळला आणि पुस्तक छातीशी पालथं झालं.

बाहेरच्या बाजूला सहापायी घोड्यावर बसलेला एक नागडाउघडा वीर तलवार परजत होता. तिघींनी तो पाहिला. बाईंचा चेहरा तापला, पायऱ्या अंधूक झाल्या. त्या उतरल्या, "बरं आहे ना?" असं तिघींना विचारलं, आणि पुस्तक तसंच धरून व्होबोरिलांच्या घराच्या दिशेनं चालू लागल्या.